माणशी पाच रुपये

सकाळचे साडेनऊ वाजलेत. पाऊस रात्रीपासून लागून राहिला आहे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या पायरीपाशी ओल्या छत्र्यांची रास पडली आहे. माणसं आत येतात, पाय पुसतात, केसपेपरच्या खिडकीशी उभी राहतात आणि मग बाकावर जागा शोधतात. इथं आरडाओरडा असेल असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं काही नाही. कुठल्याही सरकारी दवाखान्यात असतो त्याहून इथला आवाज कमीच आहे. एक नवरा-बायको डबा उघडून तांदळाची भाकरी खातायत. कोपऱ्यातला पोरगा भिंतीवरचा कागद पुन्हा पुन्हा वाचतो आहे. त्यावर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, १४४१६. त्यानं तो मोबाइलमध्ये टिपून घेतला, नाव न घालताच.

शेजारच्या काकूंना सोबत म्हणून मी आले आहे. काकूंचं लिथियम हे मनोविकारावरचं औषध वर्षानुवर्षं चालू आहे. त्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, दोन मुलांची लग्नं केली, अजूनही गल्लीतल्या पोरांना गणित सांगतात. लिथियमचं रक्तातलं प्रमाण ठरावीक मुदतीनं तपासावं लागतं. कमी पडलं तर आजार उसळतो, जास्त झालं तर हात थरथरतात, जुलाब लागतात, बोलणं अडखळतं, वेळीच लक्ष दिलं नाही तर शुद्धही हरपते. काकूंना हे सगळं पाठ आहे. त्या बाकावर बसून शब्दकोडं सोडवतायत आणि मधूनच मला विचारतायत, “नदीला चार अक्षरी शब्द सांग.”

माझ्या दुसऱ्या बाजूला एक आजी आहेत. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल, तीन पदर घातलेली. पलीकडे त्यांचा मुलगा, चाळिशीचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. तो पंख्याकडं बघत बसला आहे.

“कुठून आलात आजी?”

“मंडणगडाकडची मी.”

“आज निघालात?”

“न्हाय बाय. काल दुपारी निगालो. दापोलीत पुतनीकडं वस्तीला ऱ्हायलो, पाटंची गाडी धरली.”

मंडणगड म्हणजे जिल्ह्याचं उत्तर टोक. तिथून रत्नागिरी दीडशे किलोमीटरच्या वर, आणि वाटेत तो मुंबई-गोवा महामार्ग, ज्याचं रुंदीकरण कोकणातली एक अख्खी पिढी बघत मोठी झाली. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. त्यामुळं आजींचं अर्धं आणि मुलाचं पूर्ण. मानसिक आजारानं येणारं अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेलं आहे. प्रमाणपत्र काढलं तर मुलालाही प्रवासात सवलत मिळेल. हे आजींना कुणीतरी सांगितलं होतं, पण त्या कागदासाठी आणखी खेपा घालाव्या लागतील असं समजून त्यांनी तो विषय सोडून दिला.

“बापूस व्हता तवर तो आनायचा औषद. तो गेला तवापासनं मीच. गेल्या साली लावनीत दोन म्हयनं यायला जमला न्हाय. याच्या गोळ्या तुटल्या. मंग जेवायचा बंद झाला, रानात जाऊन बसायचा. गावच्यांनी सांगितलानी, बाहेरचा काय तरी हाय, कौल लावा.”

“लावलात?”

“लावला. काय करनार? दोन नारळ गेलं नि कोंबडा गेला.” त्या मुलाच्या कॉलरवरचा पाऊस पदरानं टिपतात. “नि मंग परत हितंच आलो.”

आजही लावणीचेच दिवस आहेत. त्यांची वाफ्यातली रोपं उपटायला आलीत आणि त्या इथं बाकावर आहेत. या एका खेपेत त्यांचे दोन दिवस जाणार, मुलाचे दोन दिवस जाणार, पुतणीच्या घरचं जेवण, तिकिटं, आणि परत जाताना उशीर झाला तर आणखी एक मुक्काम. गोळ्यांना इथं पैसे पडत नाहीत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतला उपचार राज्यानं २०२३ च्या १५ ऑगस्टपासून मोफत केला, हे चांगलंच झालं. पण आजींचा खर्च रुग्णालयाच्या दाराशी येईपर्यंतच होऊन गेलेला असतो. तो कुठल्याही सरकारी हिशेबात उमटत नाही.

आजींचं नाव पुकारतात. आत काय बोलणं होतं ते माझं ऐकण्याचं नाही. मी बाहेरच बसून राहते.

हे रुग्णालय १८८६ सालचं. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला मंडालेहून उचलून इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं, तेही त्याच वर्षी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, आणि आगगाडी तर इथं यायला पुढं शंभरावर वर्षं लागली. जगाच्या नजरेआड ठेवायच्या माणसांसाठी असं गाव सरकारला सोयीचं वाटलं असणार. त्या काळी कायदा १८५८ चा होता, आणि वेडा ठरलेल्या माणसाला कुठं आणि कुणाच्या हुकमानं ठेवायचं याची तजवीज त्यात होती. बरं करण्याचं साधन कुणापाशीच नव्हतं. क्लोरप्रोमाझिन हे भ्रमावर, भासांवर खरोखर चालणारं पहिलं औषध १९५२ मध्ये आलं, तेव्हा या संस्थेला ६६ वर्षं झाली होती. म्हणजे दोन-तीन पिढ्या माणसं इथं आली आणि त्यांना द्यायला भिंत, जेवण आणि देखरेख एवढंच होतं. त्यांच्यातल्या कुणाचं काय झालं हे आता सांगणारं कुणी नाही.

महाराष्ट्रात अशी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: नागपूर, येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी. चारही इंग्रजांच्या राजवटीत सुरू झालेली. चारींत मिळून साडेपाच हजारांवर खाटा, त्यांपैकी इथं ३६५, सगळ्यांत कमी. सिंधुदुर्गाचे, घाटावरच्या कोल्हापूरकडचेही रुग्ण इथं येतात. मानसिक आरोग्यासाठी सरकारचा पैसा म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यांसमोर या चार इमारती येतात, आणि पैसाही बराचसा त्याच वाटेनं जातो: इमारत, खाटा, पगार, भोजन. हा खर्च लागतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आतल्या माणसाला स्वच्छ अंथरूण आणि पोटभर जेवण मिळालंच पाहिजे. माझं म्हणणं खाटेवर नसलेल्या माणसाबद्दल आहे. तो आजींच्या घरी आहे, मंडणगडच्या एका वाडीत, आणि त्याचा आजार तिथंच सांभाळावा लागतो, रोज रात्री, एका गोळीनं.

केसपेपरच्या खिडकीशी एकदम आवाज चढतो. पन्नाशीचा एक गृहस्थ, हातात रेनकोट, समाजसेवा अधीक्षकांशी बोलतो आहे. अधीक्षक त्याला आत चला म्हणतात. तो उभ्यानंच बोलत राहतो.

“साहेब, अजून दोन महिने ठेवून घ्या. मी कुठं नाही म्हणतोय? पण आत्ता नको.”

“दादा, ती बरी आहे. तिला घरी जायचंय. ती रोज तुमचं नाव घेते.”

“बरी आहे हे तुम्ही म्हणता. गावाला काय सांगू? मुलीचं बघणं चाललंय. घरात दोन खोल्या. ती आली की पाहुणे पहिलं तिलाच बघणार.”

तो वाईट माणूस नाही. त्याच्या आवाजात भीती आहे आणि डोळे भरलेत. बहीण पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा तिला पाठीवर घेऊन हमरस्त्यापर्यंत आणणारा हाच, हे त्याच्याच तोंडून नंतर कळतं. अधीक्षक त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आत घेऊन जातात. दार लोटलं जातं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात याबद्दल स्पष्ट लिहिलेलं आहे. घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणानं बऱ्या झालेल्या माणसाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. अशांसाठी सरकारनं निवाऱ्याच्या, आधाराच्या घरांची सोय करायची आहे. या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क केला आणि तो सरकारी पैशातून चालणाऱ्या सेवेतून मिळाला पाहिजे असंही म्हटलं. ठाण्याच्या मनोरुग्णालयात घरचे नेत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं अडकलेल्या बाईचा प्रश्न मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात नेला. तेव्हा राज्यातल्या चारही मनोरुग्णालयांत असं कोण कोण आहे याची विचारणा झाली. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना बरं करून देशभर त्यांच्या घरी पोचवते. त्यासाठी त्यांना २०१८ चं मॅगसेसे मिळालं. घरी पोचवता येतं, हे त्यांच्या कामानं दाखवून दिलं. पण एका संस्थेच्या देणग्यांवर किती माणसं घरी जाणार?

त्या भावाला दोन खोल्यांच्या घरात बहिणीला ठेवणं जड जातं आहे, तर गावाजवळ पाच-सहा जणींचं एखादं घर हवं. एक मावशी स्वयंपाकाला, आठवड्यातून एकदा नर्स, जवळपास काजूच्या कारखान्यात थोडं काम. मग ती रविवारी भावाकडं जेवायला जाईल आणि संध्याकाळी आपल्या जागी परत येईल. असलं घर चालवायला खाटेपेक्षा जास्त खर्च येतो असं मला कुणी पटवून दिलेलं नाही. या घरांसाठी अर्थसंकल्पात ठळक, वेगळी, दरवर्षीची ओळ असायला हवी. तोवर कायद्यातलं वाक्य कायद्यातच राहील.

साडेअकरा होतात. काकूंचं रक्त घेऊन झालं. त्या परत कोड्यात.

दारातून तिघं आत येतात. मधला माणूस पस्तिशीचा, लुंगीवर टी-शर्ट, पावसात भिजल्यासारखा घामानं ओला. दोन्ही बाजूंनी बायकोनं आणि मेव्हण्यानं धरलेलं. त्याचे हात असे कापतायत की बायकोनं त्याच्या हातात दिलेला पाण्याचा पेला मेव्हण्याला धरावा लागतो. तो भिंतीकडं बघतो आणि अंगावरून काही झटकत राहतो.

“रातभर मुंग्या मुंग्या करतोय,” बायको सांगते. “भिताडावर मुंग्या, हातरुनात मुंग्या. एक पन मुंगी न्हाय.”

“शेवटची कधी घेतली?” परिचारिका विचारते.

“परवा रातच्याला. पैसं मी लपवून ठेवलं. म्हनलं बंद पडंल.”

परिचारिकेनं एव्हाना त्याची नाडी धरली आहे आणि ती आत हाक मारते. रांग बाजूला होते, कुणी कुरकुर करत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की पहिल्या एक-दोन दिवसांत फेफरं येऊ शकतं, आणि दोन-तीन दिवसांनी हा असा भ्रम: कापरं, घाम, नसलेल्या गोष्टी दिसणं. उपचार मिळाला नाही तर यात माणूस दगावतो. उपचार मात्र महागडा नाही. शिरेतून थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शांत करणारी औषधं हळूहळू कमी करत नेलेली, पाणी, क्षार आणि चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं. बायकोनं पैसे लपवले ते त्याच्या भल्यासाठीच. दारू एका रात्रीत तोडायची नसते, डॉक्टरांच्या नजरेखाली उतरवायची असते, हे तिला सांगायला तिच्या गावात कुणीच नव्हतं.

ती गुहागर तालुक्यातली. सकाळी तवसाळवरून फेरीबोटीनं जयगडला उतरून इथं आली. नवरा मिरकरवाड्याच्या एका मासेमारी नौकेवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्याला शाकारून ठेवतात, खलाशी आपापल्या गावी जातात. हंगामात हातात पैसा असतो आणि रात्रीची थंडी, जागरण, कष्ट म्हणून प्याली जाते. बंदीच्या दोन महिन्यांत पैसा संपतो, पण सवय मागं लागलेली असते. मग उधारी, मग बायकोचे डोरल्याचे मणी, मग हे. नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, उचल देतो. ती उचलही यानं घेऊन झाली आहे. १ ऑगस्टला नौका सुटायची.

दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेली देशभरची व्यसनांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूचं पूर्ण व्यसन जडलेल्या अडतीस माणसांपैकी एकाला कुठला तरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतो तो एकशे ऐंशींतल्या एकाला, असं तिच्यात दिसलं. समोरच्या खोलीत आत्ता ज्याच्या शिरेत सुई जाते आहे तो एकशे ऐंशींतला एक. उरलेले एकशे एकोणऐंशी कुठं आहेत? त्यांची नावं मी सांगू शकणार नाही, पण त्यांची घरं या किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीत दाखवता येतील.

या माणसाच्या पैशाचा प्रवास बघा. त्यानं घेतलेल्या प्रत्येक बाटलीवरचा कर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं जातो. व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय विभागाकडून येतं. आणि त्याला फेफरं येऊ लागलं की तो आरोग्य विभागाच्या दारात येतो. २०१७ च्या कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांतून येणारी मानसिक अवस्था मानसिक आजारातच धरली आहे. माणूस एक, आजार एक, पण पैशाची वाट तिसऱ्याच खात्यातून निघते आणि दुसऱ्यात हरवते. २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळानं मद्यावरचं शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचं वाढीव उत्पन्न अपेक्षित असल्याचं जाहीर केलं. त्या वाढीतला शंभरातला एक रुपया जरी व्यसनाच्या उपचाराला कायमचा बांधून दिला, तरी ते १४० कोटी होतात. दारूतून येणाऱ्या पैशावर पहिला हक्क दारूनं मोडलेल्या घराचा आहे. हे मला मनापासून वाटतं, आणि या दालनात बसलेल्या कुठल्याही बाईला विचारलं तर तीही हेच सांगेल.

मी काकूंसाठी चहा आणायला बाहेर टपरीवर येते. चहा दहा रुपये. टपरीच्या ताडपत्रीखाली उभं राहून मी मोबाइलवर एक भागाकार करते.

सरकारनं मानसिक आरोग्य गावापर्यंत न्यायचं ठरवलं त्याला बराच काळ झाला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना, कर्मचाऱ्यांना शिकवून दाखवलं की अपस्मार आणि गंभीर मनोविकार तिथंही सांभाळता येतात. त्यावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जिल्ह्याला मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका असं एक पथक मिळतं, बहुतेक कंत्राटावर. या कार्यक्रमासाठी एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३ लाख २० हजार रुपये अशी केंद्राची मर्यादा संसदेतल्या उत्तरांतून सांगितली गेली आहे. रत्नागिरी जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या १६ लाख १५ हजार. भागाकार केला की माणशी वर्षाला पाच रुपये आणि वर पंधरा पैसे येतात. माझ्या हातातला अर्धा चहा.

आणि हा आकडा कमाल मर्यादेचा, म्हणजे सगळी पदं भरली, सगळा निधी वेळेवर आला आणि सगळा खर्च झाला असं धरून. केंद्राच्या अर्थसंकल्पात २०२४-२५ साली मानसिक आरोग्याच्या थेट नावानं जे काही हजारेक कोटी दिसत होते, त्यांतले ८५० कोटी एकट्या निम्हान्सचे होते, ‘टेलिमानस’ला ९० कोटी. निम्हान्स मोठी संस्था आहे, तिथं देशभरचे डॉक्टर तयार होतात, तिला पैसा हवाच. पण बंगळूरहून मंडणगडच्या आजींपर्यंत यायला लागणारा रस्ता या आकड्यांत दिसत नाही. जिल्ह्याचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोठ्या गाठोड्यात असतो. तिथं माता-बालकांपासून क्षयरोगापर्यंत सगळ्यांच्या मागण्या असतात आणि मानसिक आजारानं ग्रासलेला माणूस मोर्चा काढायला येत नाही.

हे काम स्वस्तात आणि चांगलं होतं, याचा पुरावा शेजारी गोव्यात आहे. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशन सुरू केलं. समुपदेशक गावातलीच माणसं, मानसशास्त्राची पदवी नसलेली, पण नीट शिकवलेली. जास्तीत जास्त चार बैठका. त्याचा उपयोग होतो हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आलं. समोरच्या खलाश्याएवढं व्यसन खोल गेलेल्यांसाठी ते पुरत नाही, त्यांना रुग्णालयच लागतं. पण हा खलाशी पाच-सात वर्षांपूर्वी त्या पायरीवर होता की! तेव्हा त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात अर्धा तास त्याच्याशी बोलणारं कुणी असतं तर? आपल्याकडं नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या आयएलएस संस्थेच्या केंद्रानं ‘आत्मीयता’ नावानं गावच्याच स्वयंसेवकांना घेऊन असं काम केलं. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’मध्ये डॉ. अभय बंगांच्या ‘सर्च’बरोबर राज्य सरकारही उतरलं आणि तालुक्याच्या गावी व्यसन उपचाराचे दवाखाने सुरू झाले. मुक्तांगण तर १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच उभं राहिलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांची तळमळ, पु. ल. आणि सुनीताबाईंची देणगी, आणि सरकारची जागा. सरकार एक पाऊल पुढं आलं तर काय होतं हे महाराष्ट्राला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे.

चहा घेऊन आत येते तर आजी परत बाकावर, आणि समाजसेवा अधीक्षक त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलेत. मघाचा तो भाऊ खिडकीशी उभा राहून एका कागदावर काही लिहितो आहे. बहिणीला महिनाभर घरी नेऊन बघायचं एवढं कबूल झालं आहे, बाकीचं पुढं.

“आजी, हीच गोळी तुम्हाला तालुक्याच्या रुग्णालयात मिळेल. आमचं जिल्ह्याचं पथक ठरल्या दिवशी तिथं येतं.”

“तितली गोळी येगळी आसंल.”

“हीच. नाव बघा, मी मोठ्या अक्षरात लिहून देतो. इथं सहा महिन्यांनी एकदा या.”

आजी कागद हातात घेतात, वाचता येत नाही म्हणून मुलाकडं देतात. मुलगा पहिल्यांदाच पंख्यावरून नजर काढतो आणि औषधाचं नाव एकेक अक्षर जोडून वाचतो. “ओ-लान-झा-पाइन.” मग म्हणतो, “रातची एक.” आजी मान हलवतात.

तेवढ्यात खलाश्याची बायको बाहेर येते. त्याला दाखल करून घेतलं आहे. तिच्या हातात मोबाइल, त्यावर तांडेलचा फोन. दालनात रेंज कमी म्हणून तिनं स्पीकर लावला आहे आणि सगळ्यांना ऐकू येतं आहे, याचं तिला भान नाही.

“किती दिस लागतील?” तांडेल विचारतो.

“डागदर सांगतायत धा तरी.”

“मी आट दिस थांबतंय. पुडं मना दुसरा गडी बगाय लागंल.”

“उचल घेतलानाय त्यानं. ती कशी फेडू?”

थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग तांडेल म्हणतो, “उचल ऱ्हावंदे. त्याला बरा कर आदी. कापऱ्या हातानं जाळं वडणारा नको मला, पान्यात गेला तर कुनाच्या नावावर?”

ती फोन बंद करते. अधीक्षक आजींकडून उठून तिच्याकडं जातात. दाखल असेपर्यंत काय होईल ते सांगतात, आणि मग खरी अडचण नंतरची आहे हेही सांगतात. समुद्रावर तांडेलनं लक्ष ठेवायचं, गोळ्या तांडेलकडंच ठेवायच्या, आणि बंदराला लागला की दर पंधरा दिवसांनी कुणाशी तरी बोलायला जायचं. ती सगळं ऐकून घेते. तिचा प्रश्न एकच आहे.

“हितं दर पंद्रा दिसांनी जमायचा न्हाय. गुहागरात कोन हाय?”

“आहे. तारीख देतो.” ते वहीत बघून तारीख लिहितात.

“त्या तारखेला तो मानूस तितं नक्की येल ना? मी दिसाची मजुरी मोडून त्याला घिऊन जानार.”

अधीक्षक वही मिटत नाहीत. खिशातून फोन काढतात, पथकातल्या माणसाला लावतात आणि तिच्यासमोरच विचारतात, तू त्या दिवशी तिथं आहेस का, आणि तुझं कंत्राट तोवर वाढलंय का.